अळी लागलेलं सफरचंद कार्डावर कसं आलं?

फळांच्या जुन्या चित्रांची शुभेच्छाकार्डं तुम्ही कधी ना कधी पाहिली असतील. फिकट पिवळसर कागद, मधोमध एकच सफरचंद, त्याच्या खाली त्याचीच अर्धी कापलेली बाजू, आत तपकिरी बिया, आणि तळाशी बारीक तिरप्या इंग्रजी अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. कोणी ती वाढदिवसाला देतं, कोणी चौकट करून भिंतीवर लावतं. पुढच्या वेळी असं कार्ड हातात आलं की ते जरा डोळ्यांजवळ धरा. सफरचंदाच्या सालीवर तपकिरी ठिपके दिसतील. एखाद्याच्या देठाशी खरखरीत डाग असेल. आणि नशीब चांगलं असेल तर अळीनं पाडलेलं भोकही सापडेल. मग खालच्या कापलेल्या भागात बघायचं. अळी कुठून शिरली आणि पोखरत पोखरत कुठपर्यंत गेली, ती सगळी वाट तिथे रंगवलेली असते.

आता मला सांगा, शुभेच्छा द्यायच्या कार्डावर किडकं फळ कोण काढेल?

कोणीच नाही. कारण ही चित्रं कार्डासाठी काढलेलीच नव्हती. ती काढली होती अमेरिकेच्या शेतीखात्यानं, फळांची ओळख पटवायला. आपल्या घरात जसं प्रत्येकाचं आधार कार्ड असतं, तसं प्रत्येक जातीच्या फळाचं एकेक ओळखपत्र. 1886 पासून 1942 पर्यंत हे काम चाललं आणि जवळपास साडेसात हजार चित्रं तयार झाली. त्यात पेअर आहेत, पीच आहेत, प्लम, द्राक्षं, स्ट्रॉबेरी, संत्री, डाळिंबं, अंजिरं, अक्रोड आहेत. पण निम्मी चित्रं एकट्या सफरचंदाची! तीन हजार आठशेच्या आसपास.

एका फळाची इतकी चित्रं कशाला? याचं उत्तर सफरचंदाच्या बीमध्ये दडलेलं आहे.

घरी सफरचंद आणलं की एकदा ते आडवं कापून बघा. नेहमी आपण देठापासून खाली उभं कापतो, तसं नाही. कमरेतून आडवं. आत पाच पाकळ्यांची चांदणी दिसेल. त्या पाच कप्प्यांत बिया असतात, बहुतेक वेळा एका कप्प्यात दोन. म्हणजे सगळ्या भरल्या तर दहा. समजा, या दहाही बिया तुम्ही थंड हवेच्या गावी नेऊन पेरल्या, दहाही रुजल्या, वाढल्या आणि त्यांना फळं धरली. ती फळं आपण खाल्लेल्या सफरचंदासारखी असतील का? मुळीच नाही. एक आंबट निघेल, एक बोराएवढं छोटं, एक हिरवं, एक पिठूळ, आणि क्वचित एखादं असं गोड की मूळ सफरचंदही त्याच्यापुढे फिकं पडावं.

असं होतं कारण सफरचंदाचं फूल बहुधा स्वतःच्या झाडाचे परागकण स्वीकारतच नाही. मधमाश्या दुसऱ्या जातीच्या झाडावरून परागकण आणतात तेव्हाच फळ नीट धरतं. बीमध्ये आईचे थोडे गुण येतात, बापाचे थोडे येतात, आणि हे वाटप दर बीमध्ये वेगळं होतं. एका सफरचंदातल्या दहा बिया ही दहा वेगवेगळी भावंडं.

युरोपातून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी बरोबर सफरचंदाच्या बिया नेल्या आणि जिथे जिथे वस्ती केली तिथे पेरल्या. शेतांच्या बांधावर, ओढ्याकाठी, घरामागे. काही पिढ्यांत त्या देशात हजारो प्रकारची सफरचंदं झाली. ज्याच्या शेतात चांगलं झाड निघालं त्यानं त्याला हौसेनं नाव दिलं आणि शेजाऱ्यांना त्याच्या काड्या कलमासाठी दिल्या. आपल्या कोकणात हापूसची कलमं बांधतात ना, अगदी त्याच कारणासाठी. कलमातून झाड जसंच्या तसं पुढे जातं, बीमधून जात नाही.

आणि नावं तरी किती मजेशीर! एका सफरचंदाचं नाव होतं ‘शीपनोज’, म्हणजे मेंढीचं नाक, कारण ते खाली निमुळतं होत जातं. एकाचं नाव ‘मेडन्स ब्लश’, लाजलेल्या मुलीच्या गालासारखं. एकाचं तर ‘सीक नो फर्दर’, म्हणजे ‘आता याच्यापुढे शोधू नका’! नाव ठेवणाऱ्या माणसाला आपलं सफरचंद किती आवडलं असेल बघा.

गंमत इथवर ठीक होती. गोंधळ पुढे सुरू झाला. एकाच सफरचंदाला दर गावात वेगळं नाव पडलं. ‘बेन डेव्हिस’ नावाचं एक लालबुंद, चवीला बेताचं पण प्रवासात न नासणारं सफरचंद होतं. तेच कुठे ‘न्यूयॉर्क पिपिन’ म्हणून विकलं जायचं, कुठे आणखी कुठल्या नावानं. उलटही व्हायचं. दोन अगदी वेगळ्या सफरचंदांना एकच नाव. त्यातच रोपं विकणारे फिरते विक्रेते गावोगाव हिंडायचे. त्यांच्याकडे रंगीत चित्रांची जाडजूड वही असायची. वहीतली फळं एकाहून एक टपोरी आणि चकचकीत. शेतकरी चित्र बघून भुलायचा, पैसे मोजायचा, रोप लावायचा. सफरचंदाच्या झाडाला फळ धरायला चार-सहा वर्षं सहज लागतात. तेवढ्या वर्षांनी झाडाला भलतंच फळ लागलं तर तक्रार कोणाकडे करणार? विक्रेता तोवर कुठल्या कुठे!

म्हणून 1886 मध्ये अमेरिकेच्या शेतीखात्यानं फळांसाठी एक वेगळा विभाग काढला. हेन्री व्हॅन डेमन हे त्याचे पहिले प्रमुख. शेतकऱ्यांनी आपल्याकडची फळं टपालानं वॉशिंग्टनला पाठवायची आणि तिथल्या जाणकारांनी ती ओळखून नाव सांगायचं, असं काम सुरू झालं. देशाच्या कानाकोपऱ्यातून खोकी यायला लागली. पण फळ काही टिकत नाही. आज आलेलं पीच चार दिवसांत मऊ पडतं, आठवड्यात फेकावं लागतं. पुढच्या वर्षी तसंच दुसरं फळ आलं तर पडताळायचं कशाशी? त्या काळात फोटो निघत होते, पण काळे-पांढरे. काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल सफरचंद आणि हिरवं सफरचंद सारखंच राखाडी दिसणार. तेव्हा खात्यानं ठरवलं की चित्रकार नेमायचे.

1887 मध्ये पहिले चित्रकार आले, विल्यम हेन्री प्रेस्टेल. त्यांचं घराणंच फळाफुलांची चित्रं काढणारं. वडील जोसेफ प्रेस्टेल रोपवाटिकांसाठी चित्रं काढायचे. पण सरकारी काम आणि विक्रीचं काम यांत मोठा फरक होता. विक्रेत्याला हवं असतं सगळ्यात सुंदर फळ. सरकारला हवं होतं टेबलावर समोर ठेवलेलं फळ, जसंच्या तसं. त्याला डाग असेल तर डाग. टपालात दबून काळं पडलं असेल तर ते काळं. बुरशी धरली असेल तर बुरशीसुद्धा. कार्डावरच्या त्या अळीच्या भोकाचं रहस्य हेच.

अशा एका चित्राकडे आपण आता नीट बघू. वरती अख्खं फळ. देठ किती लांब, किती जाड, तो ज्या खळग्यातून निघतो तो खळगा खोल की उथळ, हे सगळं मोजून काढलेलं. सालीवर बारीक बारीक फिकट ठिपके. ते चित्रकारानं शोभेसाठी टाकलेले नाहीत. सफरचंद या ठिपक्यांमधून श्वास घेतं. काही जातींत ते टाचणीच्या टोकाएवढे असतात, काहींत ठळक. म्हणून तेही ओळखीची खूण. फळाची एक बाजू जास्त लाल असेल. ती झाडावर उन्हाकडे होती. सफरचंदाच्या सालीत लाल रंग तयार व्हायला उजेड लागतो. पानाच्या सावलीत राहिलेला भाग फिकट राहतो. कधी कधी सालीवर एका पानाची सावली अगदी ओळखता येते!

खाली कापलेला भाग. त्यात बियांचे कप्पे उघडे आहेत की मिटलेले, बिया लांबट की गोलसर, गर पांढरा की पिवळट की हिरवट. गराच्या आत एक पुसटशी रेषा दिसते, ती गाभ्याची सीमा. इथे एक गुपित सांगतो. वनस्पतिशास्त्रज्ञांना विचाराल तर सफरचंदाचं खरं फळ म्हणजे त्या रेषेच्या आतला, आपण टाकून देतो तो गाभा! बाहेरचा जो गोड गर आपण खातो तो फुलाच्या बुडाचा भाग फुगून झालेला असतो. फुलाची आठवणही फळावर शिल्लक असते. सफरचंद उलटं करा. तळाच्या खळग्यात वाळलेली, चुरगळलेली पाच टोकं दिसतील. ती फुलाच्या कळीला बाहेरून झाकणारी हिरवी निदलं. मोहोर आला तेव्हापासून ती तिथेच आहेत. चित्रकारांनी तीही सोडलेली नाहीत.

आणि सगळ्यात खाली पेनानं किंवा पेन्सिलीनं लिहिलेलं: फळाचं नाव, कोणी पाठवलं, कोणत्या गावाहून, किती तारखेला, नमुना क्रमांक काय आणि चित्र कोणी काढलं.

हल्ली काही कार्डं छापताना हा खालचा मजकूर कापून टाकतात. मला ते अजिबात पटत नाही. त्या दोन ओळींमुळेच तर ते चित्र कामाचं होतं. त्या गेल्या की मागे उरतं फक्त एक छान सफरचंद.

हे सगळं जलरंगांत काढायचं म्हणजे सोपं काम नाही. शाळेत तुम्ही वापरता त्या जलरंगाच्या वडीत दोन मुख्य गोष्टी असतात. एक, रंगाची अगदी बारीक पूड. दुसरा, डिंक. तोसुद्धा आपल्या बाभळीच्या भाऊबंदांपैकीच एका झाडाचा, आफ्रिकेतून येणारा. पाण्यात डिंक विरघळतो, ब्रशाबरोबर रंग कागदावर पसरतो, पाणी उडून जातं आणि डिंक रंगाचे कण कागदाला चिकटवून ठेवतो. रंगाचा थर इतका पातळ असतो की उजेड त्यातून आरपार जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आदळतो आणि परत रंगातून बाहेर येतो. म्हणून जलरंगातलं फळ आतून उजळल्यासारखं दिसतं. मात्र चमक दाखवायची असेल तिथे कागद कोराच सोडावा लागतो. आधी फिकट पिवळा, तो वाळला की त्यावर नारिंगी, मग लालाच्या बारीक रेघा, असं फिकटाकडून गडदाकडे जायचं. एकदा गडद रंग लागला की तो खोडता येत नाही.

त्यात फळ थांबत नाही! सफरचंद चिरून ठेवलं की थोड्याच वेळात ते तपकिरी पडतं, हे तुम्ही डब्यात रोज बघता. सुरीनं गराच्या पेशी फुटतात, त्यांच्यातलं एक विकर आणि हवेतला प्राणवायू एकत्र येतात आणि पेशींतल्या रसायनांचा तपकिरी रंग बनतो. लिंबू पिळलं की हे काम मंदावतं, कारण आंबट रसात त्या विकराला नीट काम करता येत नाही. तर अशा भराभर रंग बदलणाऱ्या फळाचा खरा रंग चित्रात पकडायचा. नजर किती तयार लागत असेल!

ती तयार नजर होती मुख्यतः तीन बायकांची. या खात्यात चित्रकार पुष्कळ होते, पण तिघींनी मिळून जवळपास निम्मी चित्रं काढली.

पहिल्या डेबोरा ग्रिस्कम पॅसमोर. जन्म 1840, पेन्सिल्वेनियातला. त्या फिलाडेल्फियात चित्रकला शिकल्या, मग युरोपात गेल्या. लंडनच्या क्यू बागेत मेरियान नॉर्थ या बाईंची चित्रं लावलेली होती. या नॉर्थबाई एकट्या जगभर हिंडून, आपल्या हिंदुस्थानातही येऊन, झाडाफुलांची चित्रं काढायच्या. ती बघून पॅसमोरबाईंना वाटलं, आपल्या देशाच्या झाडाफळांसाठी आपणही असं काही करावं. 1892 मध्ये त्या शेतीखात्यात आल्या, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. 1911 मध्ये त्या वारल्या. पन्नाशीनंतरच्या एवढ्याच वर्षांत त्यांनी पंधराशेहून जास्त फळं रंगवली. नवीन काही सुरू करायला उशीर झाला म्हणणाऱ्या तुमच्या घरातल्या मोठ्यांना हे जरूर वाचून दाखवा.

दुसऱ्या अमांडा न्यूटन. त्यांनी बाराशेहून जास्त चित्रं काढली, शिवाय मेणाची हुबेहूब फळंही बनवली. आणि त्यांच्या आजोबांचं नाव काय असेल? आयझॅक न्यूटन! थांबा, थांबा. सफरचंद पडताना बघितलं म्हणतात ते इंग्लंडचे न्यूटन वेगळे, ते तर 1727 मध्येच वारले. हे आयझॅक न्यूटन अमेरिकेतले शेतकरी. अब्राहम लिंकन यांनी 1862 मध्ये शेतीखातं स्थापन केलं तेव्हा त्याचे पहिले आयुक्त म्हणून त्यांनाच नेमलं. म्हणजे सफरचंदाशी दोन्ही न्यूटन घराण्यांचं नातं जुळलं ते योगायोगानंच.

तिसऱ्या मेरी डेझी आर्नल्ड. यांचीही हजाराहून जास्त चित्रं आहेत. अमेरिकेत देशभरातल्या बायकांना मतदानाचा हक्क मिळाला 1920 मध्ये, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून या बायका सरकारच्या विज्ञानखात्यात रोज टेबलाशी बसून हे नेटकं काम करत होत्या. वैज्ञानिकांच्या यादीत त्यांची नावं कोणी घातली नाहीत. माझ्या मते घालायला हवी होती. एवढं बारकाईनं बघणं आणि बघितलं त्यापेक्षा एक रेषही जास्त न काढणं, हे विज्ञानच आहे.

आता एक गोष्ट आपल्या पुण्याची.

या चित्रांत आंबेही आहेत. अमेरिकेत आंबा? हो. दक्षिणेला फ्लोरिडा राज्यात हवा उष्ण आणि दमट असते. 1889 मध्ये याच फळविभागानं पुण्याहून आंब्याची कलमं मागवली. त्या वेळी विमानं नव्हती. रोपं बोटीनं, कित्येक आठवड्यांचा प्रवास करून गेली. ती फ्लोरिडातल्या काही हौशी बागायतदारांना दिली. त्यातलं एक मलगोबाचं कलम एल्ब्रिज गेल या निवृत्त प्राध्यापकांच्या बागेत लागलं. 1894-95 च्या हिवाळ्यात फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली, बागाच्या बागा गोठल्या, पण हे मलगोबाचं झाड तगलं. 1898 मध्ये त्याला फळं आली, आणि ज्यांनी आजवर फक्त दोरेदार आंबे चाखले होते ते लोक ती चव बघून चकितच झाले.

पुढे जॉन हेडन नावाच्या एका निवृत्त कॅप्टननं या मलगोबाच्या कोयी आणून लावल्या. सफरचंदाच्या बियांचं जे होतं तेच आपल्या आंब्याच्या कोयींचं होतं. प्रत्येक कोयीतून वेगळं झाड! त्यांतल्या एका झाडाला 1910 मध्ये मोठे, लाल-पिवळे, देखणे आंबे लागले. कॅप्टन हेडन ते बघायला राहिले नव्हते, पण त्यांच्या पत्नीनं झाडं जपली होती. त्या आंब्याला ‘हेडन’ हेच नाव पडलं. आज परदेशातल्या दुकानांत जो लालसर, टणक ‘टॉमी अ‍ॅटकिन्स’ आंबा दिसतो, तो या हेडनच्या कोयीतून निघालेला. म्हणजे मलगोबाचा नातू! तुमचे काका-मावशी अमेरिकेत असतील आणि तिथल्या आंब्याला नाकं मुरडत असतील, तर त्यांना सांगा की त्या आंब्याचं एक मूळ पुण्यापर्यंत येतं.

उलट प्रवासही झाला आहे. अमेरिकेतल्या सॅम्युएल स्टोक्स या माणसानं शिमल्याजवळच्या कोटगढला 1916 च्या सुमारास अमेरिकेतून ‘डेलिशस’ सफरचंदाची रोपं आणून लावली. तो पुढे इथलाच झाला, सत्यानंद झाला. आपल्या बाजारात येणाऱ्या हिमाचलच्या लाल सफरचंदांची कहाणी त्या रोपांपासून सुरू होते.

1942 नंतर फळांची ही चित्रं काढायचं काम थांबलं. रंगीत फोटो निघू लागले होते. बाजारही बदलला. दूरच्या शहरांत विकायला जी सफरचंदं टिकाऊ, एकसारखी आणि लाल, तीच मोठ्या बागांत लागू लागली. बाकीची हजारो मागे पडली. ‘मेंढीचं नाक’ कोण विकत घेणार? जुनी शेतं सोडून लोक शहरात गेले, झाडं तिथेच राहिली. काही मेली. काही रानात, पडक्या घरांमागे, कोणी बघत नसताना दर वर्षी फळं देत राहिली. पण त्यांची नावं माहीत असलेली माणसं उरली नाहीत.

मग काय झालं माहितीये? सफरचंदांचे गुप्तहेर कामाला लागले! वॉशिंग्टन राज्यात एक निवृत्त तपास अधिकारी आहेत. आयुष्यभर गुन्ह्यांचा तपास केलेला माणूस. शेजारच्या आजारी बाईंच्या बागेतली सफरचंदं काढून द्यायला ते गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की यातल्या एकाही सफरचंदाचं नाव आपल्याला येत नाही. नावं शोधता शोधता त्यांना कळलं की आपल्या भागातल्या कितीतरी जाती कायमच्या नष्ट झाल्या असं सगळे मानतात. मग त्यांनी जुनी वर्तमानपत्रं, जत्रेतल्या बक्षिसांच्या याद्या, रोपवाटिकांची जुनी सूचिपत्रं चाळली, कोणाच्या शेतात कधी काय लावलं होतं ते हुडकलं आणि रानात शिरून झाडं शोधायला लागले. ‘लॉस्ट अ‍ॅपल प्रोजेक्ट’ या त्यांच्या गटानं 2020 च्या एप्रिलमध्ये जाहीर केलं की एकाच हंगामात नष्ट मानलेल्या दहा जाती सापडल्या.

झाड सापडलं, फळ हातात आलं. पण हे तेच, हे ठरवायचं कसं? अशी फळं शेजारच्या ओरेगन राज्यात सफरचंदांच्या जाणकारांकडे जातात. ते फळ कापतात आणि समोर ठेवतात जुन्या पुस्तकांतली वर्णनं आणि आपली ही जलरंगातली चित्रं. देठ जुळतो का, खळगा जुळतो का, ठिपके, बियांचा आकार, गाभ्याची रेषा. एकेक खूण पडताळायची. कोलोरॅडो राज्यात ‘कोलोरॅडो ऑरेंज’ नावाचं हरवलेलं सफरचंद असंच सापडलं. तिथे एका दांपत्यानं वर्षानुवर्षं शोध घेतला, मरायला टेकलेलं एक म्हातारं झाड गाठलं, त्याची फळं जुन्या चित्रांशी आणि मेणाच्या जुन्या नमुन्याशी ताडून पाहिली. डीएनएची तपासणीही केली. त्या म्हाताऱ्या झाडाच्या काड्यांपासून आता नवी कलमं झाली आहेत.

विचार करा, चित्रकारांनी थोडीशी जरी लबाडी केली असती, देठ जरा डौलदार काढला असता, बिया जरा नीटनेटक्या मांडल्या असत्या, तर शंभर वर्षांनी ही पडताळणी झालीच नसती.

ही सगळी चित्रं आज अमेरिकेत मेरीलँड राज्यात, बेल्ट्सव्हिल इथल्या राष्ट्रीय कृषी ग्रंथालयात आहेत. काही वर्षांपूर्वी त्या सर्वांच्या संगणकीय प्रती केल्या. आधी मोठ्या आकाराची प्रत हवी तर पैसे पडायचे. पार्कर हिगिन्स नावाच्या एका माणसानं मागणी लावून धरली की जनतेच्या पैशातून काढलेली चित्रं जनतेला मोफत मिळायला हवीत. 2015 मध्ये ती खरोखरच मोफत खुली झाली. तिथल्या केंद्र सरकारच्या नोकरांनी नोकरीत केलेल्या कामावर त्या देशात कोणाचा मालकीहक्क नसतो. म्हणून ही चित्रं कोणीही छापू शकतं आणि म्हणूनच ती कार्डांवर, दिनदर्शिकांवर, पिशव्यांवर सगळीकडे दिसू लागली. मोठ्या माणसांना मदतीला घेऊन तुम्हीही ती संगणकावर बघू शकता. आंबा, डाळिंब, अंजीर शोधून बघा.

आणि ते झालं की एक काम करा. तुमच्या किंवा आजोळच्या गावी रायवळ आंब्याची झाडं असतील. ती कोयीतून उगवलेली असतात, म्हणून प्रत्येक झाडाचा आंबा वेगळा. एकाला शेपूचा वास येतो, एक गोटीएवढा, एक नुसता रस. गावात त्या झाडांना नावंही असतात: शेप्या, गोटी, साखऱ्या. ती नावं सांगणारी आजी-आजोबा मंडळी आहेत तोवर घाई करा. रस्ते रुंद होताना, नवी घरं बांधताना ही झाडं जातात, आणि त्यांचं तंतोतंत दुसरं झाड जगात कुठेही नसतं.

एक आंबा घ्या. कागदावर तो जेवढा आहे तेवढाच काढा, मोजपट्टी लावून. देठाजवळचा भाग नीट बघा, चीक कुठे ओघळलाय ते बघा. मग तो कापा आणि आतला गर आणि कोय शेजारी काढा. रंग भरा, पण आंबा समोर ठेवूनच. आठवणीतला आंबा नेहमी जास्त पिवळा असतो. खाली झाडाचं नाव, ते कोणाच्या शेतात आहे, गाव, तालुका, तारीख आणि तुमचं नाव लिहा. चव कशी होती तेही लिहा, कारण ती रंगवता येत नाही. पाऊस सुरू झाला की रायवळ आंबे झपाट्यानं संपतात, तेव्हा या मे महिन्यातच बसा.